कामठेआबा

मला पाहायला रहिमतपूरकडची चार माणसे आली होती. त्यांतल्या तिघांनी मला पाहिले. चौथ्याने आमच्या सोप्याच्या कोपऱ्यात उभी केलेली पाण्याची कावड पाहिली. मी सुपारीचे तबक घेऊन पुढे वाकले तेव्हाही त्या म्हाताऱ्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडेच होती. मग ते उठले, कावडीची काठी सोडवून हातात घेतली, तिचे एक टोक जमिनीला टेकवून मध्यावर तळव्याने हलकेच दाबले आणि माझ्या वडिलांना विचारले, "ही धामणीची काठी कुठली वो?" वडील गोंधळले. वारणेच्या वरच्या अंगाला आमचे पाहुणे होते, त्यांनी दिलेली, म्हणाले. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि एका दमात सांगून टाकले की पोरगी पसंत आहे आणि ही काठी मला हवी. मिरजेची गाडी धरायला मंडळी निघाली तेव्हा ती काठी त्यांच्या खांद्यावर होती, आणि आमची आई पुढे पंधरवडाभर हातातून घागरी आणत त्यांच्या नावाने बोटे मोडत होती.

हे आबा. माझे चुलतसासरे. गावात पाचसहा आबा होते, म्हणून यांना कामठेआबा म्हणत. ते सुतार नव्हते. घरची उसाची जमीन होती, मोट होती, बैल होते, आणि ते सगळे ते नीट सांभाळत. पण कामातून मोकळे झाले की त्यांचे हात तासायचा वाकस शोधत. लाकडाचा कामठा, म्हणजे धनुष्य, करायचा, दोर चढवायचा, बांधावर शेणी उभी करून तिच्यावर बाण मारायचा, एवढाच त्यांचा नाद. कामठा विकलेला मी कधी ऐकला नाही. कुणाला दिलाच तर आधी त्या माणसाच्या मळ्यात जाऊन तो कुदळ कशी धरतो ते पाहून येत.

त्यांच्याबरोबर वाटेने चालणे म्हणजे शिक्षा होती. धामणीचे झाड दिसले की ते थांबत. झाडाला हात लावत, सालीवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवत, आणि बहुतेक वेळा तसेच पुढे येत. का नाही घेतले, असे कुणी विचारले तर म्हणत, "ते अजून उभं ऱ्हायच्या नादात हाय." दिवाळीनंतर, पाने झडू लागली की मग तोडत. तोडलेले लाकूड उभे फोडून, दोन्ही टोके शेणाने माखून गोठ्याच्या माळ्यावर टाकून देत. तिथे ते दोन दोन पावसाळे पडून राही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत की या घरात वैरणीला जागा नाही पण आबांच्या लाकडांना आहे.

या नादात त्यांना एकच सोबती होता, गावातले किराणा दुकानवाले अण्णा. अण्णा सांगलीकडचे जैन, अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. दोर ते वळत. घायपाताचा वाख भिजवून, पिंजून, मांडीवर पीळ देत त्यांनी केलेला दोर आबांच्या मते साऱ्या मुलखात नव्हता. त्या दोघांत पहिल्यापासून एक बोली होती: अण्णांचा दोर ज्या कामठ्याला चढेल त्याने जीव मारायचा नाही. एकदा आबांच्या एका पाहुण्याने त्यांच्या कामठ्याने ससा मारून आणला. आबांनी त्याला जेवू घातले, पान दिले, आणि जाताना कामठा परत मागून घेतला. पाहुणा वर्षभर बोलला नाही. आबांना त्याचे काही वाटले नाही.

माझ्या लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच आमचे हे पलटणीत भरती होऊन लढाईवर गेले. घरात आत्याबाई, मी आणि आबा उरलो. मी आबांपुढे डोक्यावरचा पदर सरकू देत नसे, बोलणे तर दूरच. पण ऐतवारी दुपारी मळ्यात भाकरी घेऊन गेले की उसाच्या आडून पाहत उभी राही. कामठा अर्धा झाला की ते तो खुंटीला अडकवत, दोर खाली ओढत आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते डोळे बारीक करून पाहत. वरच्या बाजूला ते थोरला म्हणत, खालच्या बाजूला धाकटा. थोरला हट्टी असला की त्याला काचेच्या तुकड्याने खरवडत, पुन्हा ओढत, पुन्हा खरवडत. एकदा पाठमोरेच म्हणाले, "उन्हात नगं उभी राहू पोरी. बघायचं तर हितं सावलीत ये." तेव्हापासून मी सावलीत बसू लागले.

मग धामधुमीचे दिवस आले. आमच्या जिल्ह्यात भूमिगत पोरे रानोमाळ फिरत होती आणि त्यांच्या मागे पोलीस. एका सकाळी फौजदार गावात आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातले होते की आमच्या घरी हत्यारे आहेत. शिपायांनी भिंतीवरचे सगळे कामठे काढून चावडीपुढे नेले. फौजदाराने विचारले, हे कुणासाठी केले? आबांनी मनापासून सांगायला सुरुवात केली की हा धामणीचा आहे, हा बाभळीचा, हा फसला पण मोडवत नाही म्हणून ठेवला. फौजदाराला वाटले म्हातारा चेष्टा करतो आहे. त्याने सगळे तोडायला सांगितले.

आम्ही बायका चावडीच्या पलीकडे देवळाच्या कट्ट्याआड उभ्या होतो. एका तरण्या शिपायाने दोर चढवलेला कामठा दगडावर आडवा ठेवला आणि कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात आबा जागेवरून उठले. मला वाटले, आता हे त्याच्या अंगावर जाणार. त्यांनी त्याच्या मनगटाला नुसता हात लावला.

"आधी दोर उतरव बाबा," ते म्हणाले. "ताणलेला हाय. तोडलास तर उसळून डोळ्यावर बसंल तुझ्या."

शिपायाला दोर उतरवता येईना. तेव्हा आबांनीच तो उतरवला, पुढचा उतरवला, त्याच्या पुढचाही. एकेक कामठा मोकळा करून ते त्या पोराच्या हातात देत गेले आणि तो तोडत गेला. दोर तेवढे गुंडाळून त्यांनी अण्णांकडे दिले. मग पोलीस त्यांना साताऱ्याला घेऊन गेले.

आठवड्याने ते परत आले. तिकडे काय झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. मळ्यात जात, मोट धरत, येऊन जेवत. वाकसाला हात लावला नाही. वाटेवर धामण दिसली तरी थांबेनात, आणि मला ते पाहवेना. त्यातच लढाईवरून यांची काही खबर येईना. संध्याकाळ झाली की आम्ही तिघे तीन कोपऱ्यांत बसून राहत असू आणि घर नुसते खायला उठे.

एक दिवस मी भाकरी वाढता वाढता बोलून गेले, "आबा, मला एक कामठा करा." आत्याबाईंच्या हातातली परात तशीच राहिली. सुनेने सासऱ्याकडे असले काही मागायचे, तेही नवरा लढाईवर असताना, घरात नुकतेच पोलीस येऊन गेलेले. आबा माझ्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षे मी त्या घरात होते, पण त्यांनी मला नीट पाहिले ते त्या दिवशी.

"तुला कशाला?" त्यांनी विचारले.

"तुम्ही करताना बघायला."

आत्याबाई आता काय म्हणतील म्हणून मी खाली मान घातली. त्या परात ठेवून म्हणाल्या, "करा भावजी. हिच्या निमतानं उठून बसला तरी लई झालं."

पोलिसांनी माळ्यावरच्या लाकडांना हात लावला नव्हता, त्यांना ते सरपण वाटले होते. त्यातले एक निघाले. काम मळ्यातल्या खोपीत, आडोशाला चाले. आबांनी माझी उंची दाराच्या चौकटीवर खूण करून घेतली, मला विहिरीवर कळशी ओढायला लावून हातात किती बळ आहे ते पाहिले. माझ्यासाठी म्हणून तो हलका केला, पण घाई केली नाही. हळूहळू ते बोलू लागले, जेवताना भाकरी परत मागू लागले. कामठा तयार झाला तेव्हा लढाई संपत आली होती. अण्णांनी दोर आणून दिला. माझा पहिला बाण बांधाला न लागता शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेला आणि आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हे सुखरूप परतले. मिरजेला रेल्वेत नोकरी लागली आणि आम्हाला गाव सोडायचे ठरले. सामान बांधताना मी कामठा वळकटीत घातला, तो आबांनी बाहेर काढला. "तिथं बांध न्हाई, रान न्हाई. भिंतीवर टांगशील आन् तो वाळून मरंल. हितं ऱ्हाऊ दे. तू येत जा." स्टेशनावर गाडी हलली तेव्हा त्यांनी डोक्याचे मुंडासे काढून हातात घेतले होते. तसे उघड्या डोक्याने मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मी एका दसऱ्याला गेले. मग दिवस गेले, मूल झाले, ते आजारी पडले, पुढचा दसरा गेला, त्याच्या पुढचाही. आबा दम्याने गेल्याचे कळले तेव्हा मी बाळंतीण होते, दुसऱ्या खेपेची. उठता आले तेव्हा गावी गेले. आत्याबाईंच्या गळ्यात पडून झाले, मग अण्णांच्या दुकानी गेले. त्यांनी मागच्या खोलीतून माझा कामठा आणला. तेलाने चकाकत होता.

अण्णांनी सांगितले की दर ऐतवारी आबा तो कामठा काढत, तेल लावत, दोर चढवून दोनतीनदा ओढत आणि उतरवून ठेवत. नुसता पडून राहिला तर त्याचे वाकणे जाईल, पोरगी येईल तेव्हा तिला जड जाईल, म्हणत. शेवटच्या पावसाळ्यात दमा इतका वाढला की त्यांना ओढवेना.

"मग मला म्हणाले, अण्णा, तू ओढ. जन्मभर मी दोर वळले, कामठ्याला हात कवा लावला न्हवता. पर कसं न्हाई म्हणायचं? ते बाजेवर पडून बघायचे, मी ओढायचो. बाण लावला न्हाई मी. नुसता ओढून हळू सोडायचो." मग म्हणाले, "ते गेले तरी ऐतवारी ओढतोच हाय. आता तू घेऊन जा, न्हाईतर किती दिस ओढू ते सांग."

कडेवरचे पोर रडू लागले होते. मी कामठा त्यांच्या हातात परत दिला आणि पुढच्या दसऱ्याला येते, असे सांगितले. अण्णांनी तो आत नेऊन ठेवला. कुठला दसरा, हे त्यांनी विचारले नाही.