कडेचे आकडे

पेटीकाकांना फोटो काढताना मान खाली घालावी लागते. त्यांचा कॅमेराच तसा आहे. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि आत वाकून बघायचं. त्याला एकावर एक अशा दोन काचा. वरच्या काचेतून दिसतं, खालच्या काचेतून उमटतं. त्या चौकोनी धुडाला गल्लीने पेटी म्हटलं आणि फोटोवाल्याला पेटीकाका. "मान खाली घालणं हाच माझा धंदा," असं ते पूर्वी हसत सांगायचे. अकरा वर्षांपासून सांगत नाहीत.

हाताहातात मोबाइल आले आणि स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोंचं काम तेवढं उरलं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत पेटी पुन्हा लोकांना हवीशी वाटू लागली होती. समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टरीण त्यातलीच एक. घरच्या माळ्यावर सापडलेली तशीच पेटी गळ्यात अडकवून ती पहिल्यांदा आली, तेव्हा म्हणाली, "मोबाइलमध्ये नऊ हजार फोटो आहेत काका, एक आठवेल तर शपथ. हिच्यात बाराच मावतात, तर बाराच्या बारा पाठ होतात."

काकांनी तिला भिंतीवरचा शिंप्याचा फोटो दाखवला. कॉलरचा टाका न टाका मोजता येत होता. चष्म्याच्या काचेत खिडकी होती, आणि खिडकीत झाडसुद्धा.

"फिल्मचा एकेक चौकोन बिस्किटाएवढा असतो. सगळ्याला जागा मिळते."

"आणि रोल धुवायला कोण शिकवणार? काकू?"

"माझा हात वाईट आहे गं," आतून काकू म्हणाल्या. "मी सोडलं ते."

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते काकू. वाईट हाताचं मला नका सांगू!"

काकू हसल्या नाहीत. काकांनी मान खाली घातली. तेव्हा त्यांच्या हातात पेटी नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी काकूंचे वडील महिनाभर त्यांच्याकडे राहायला आले होते. त्यांचा एकही धड फोटो नव्हता. एका मंगळवारी काकांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं.

"हसू का जावईबापू?"

"तुम्हाला हवं तसं बसा."

"मग नाही हसत. दात घरी राहिलेत."

काकांनी बारा फोटो काढले, अगदी जीव ओतून. पेटी आवरायला घेतली आणि खालच्या काचेवर झाकणाची काळी टोपी तशीच दिसली. वरच्या काचेची टोपी कधीच हरवलेली, त्यामुळे वाकून बघताना सगळं लख्ख दिसत होतं. सासऱ्यांनी तरी टोकलं असतं, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. इतक्या वर्षांच्या फोटोवाल्याने नवशिक्यासारखी चूक केली, हे बायकोला सांगायची काकांना लाज वाटली. सासरेही बसून दमले होते, रविवारी पुन्हा बसवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि रोल फळीवर ठेवून दिला.

शुक्रवारी सासरे वारले.

पुढच्या आठवड्यात काकूंनी स्वतःच तो रोल काढला. स्टुडिओतले सगळे रोल त्याच धुवायच्या. लग्नानंतर शिकल्या आणि काकांपेक्षा सफाईने करायला लागल्या. त्या दिवशी मात्र त्यांनी डोळे पुसत पुसतच टाकीत रसायनं ओतली. शेवटच्या पाण्याला भावाचा फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. काकांनी टाकी उघडली. फिल्म कोरी होती. कडेचे आकडे मात्र एक ते बारा स्वच्छ उमटले होते. ते कारखान्यातच छापलेले असतात. धुणं नीट झालं की दिसतात, आणि चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी चुकून ते पक्कं करणारा फिक्सर पडला तर तेही पुसले जातात.

"आलं का हो काही?" काकूंनी दारातून विचारलं.

"कोरी आहे."

"कडेचे आकडे?"

काकांच्या मुठीत ती ओली फिल्म होती. ते म्हणाले, "नाही."

"म्हणजे मी आधी फिक्सर ओतला," काकू म्हणाल्या. त्यानंतर काकूंनी रोल धुवायच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. काकांनी त्यांना एकदाही दोष दिला नाही, आणि काकू हे सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. तेव्हा काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

आता डॉक्टरीण मोबाइलवर बघून स्वतःच धुतलेली एक ओली फिल्म घेऊन धावत आली. "काका, मी वाट लावली! धुताना काहीतरी चुकलं."

काकांनी फिल्म खिडकीशी धरली. "आकडे आहेत बघ. धुणं चोख आहे. टोपी राहिली असणार."

"हात्तिच्या! बरं झालं विचारलं. मी टाकी फेकून देणार होते." तिचा पेशंट तोंड उघडून बसला होता म्हणून ती आली तशी पळाली.

"विचारलं की कळतं," दारात उभ्या काकू सहज म्हणाल्या.

काकांनी खालचा खण ओढला. जुन्या बल्बच्या खोक्याखालून एक गुंडाळी काढली आणि काकूंच्या हातात दिली. फिल्म सरळ होईना. काकूंनी दोन्ही टोकं धरून ती उजेडात ताणली. त्यांचे ओठ हलत होते. ते बारापर्यंत येऊन थांबले.

"बाबांची?"

"हो. टोपी राहिली होती. माझी चूक."

"कधी कळलं तुम्हाला?"

या प्रश्नाला ते अकरा वर्षं भीत होते. "त्याच दिवशी. बाबा खुर्चीतून उठायच्या आत."

काकूंनी फिल्म खाली घेतली. मग म्हणाल्या, "बाबा त्या रात्री मला म्हणाले होते, जावई वेळ फार लावतात, पण मन लावून काढतात."

त्यांनी फिल्म पुन्हा गुंडाळली, मुठीत धरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन हाक मारली, "अगं डॉक्टर! उद्या दुपारी नवा रोल घेऊन ये. मी शिकवते."

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "रसायनं करून ठेवू?"

"नको. तुम्ही बाहेर बसा."

ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, टाकी हलवल्याचा आला, मग पुन्हा पाण्याचा. शेवटी काकूंनी विचारलं, "आकडे आलेत का गं?"

"आलेत काकू! सगळे आलेत."

काकांनी वर पाहिलं नाही.