कालची फुलं

रोज सकाळी मी देवावरची कालची फुलं उतरवतो आणि ताजी वाहतो. आम्हा गुरवांचं हे पिढीजात काम. आज मात्र कालच्याच, पण अजून टवटवीत असलेल्या एका झेंडूवर हात थबकला.

माझी बायको गोदा दिवाळीपासून भिंतीकडे तोंड करून पडून असते. काल घरी येऊन तिला तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मेंदूत मनाला उभारी देणारा सेरोटोनिन म्हणून एक रस तयार होतो, आणि तो मोडणाराही मेंदूतच असतो. दोन्ही लागतात. ही गोळी मोडणाऱ्याचा हात जरा आवरते."

"आमच्या घरात वेडाच्या गोळ्या चालत नाहीत," असं मी ठणकावलं. त्यांनी तरीही हातात ठेवलेल्या गोळ्या माझ्या खिशातच राहिल्या.

पण त्या मोडणाऱ्याला मी ओळखतो की! तो माझ्यासारखाच. शिळं उतरवलं नाही तर ताज्याला जागा कुठली? बिचारा आपलं काम करतो. फक्त टवटवीत फूल थोडं राहू दे, एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं.

झेंडू तिथंच ठेवून घरी आलो आणि गोदापुढं गोळी अन् पाण्याचा तांब्या धरला.

"अहो, तुम्हीच तर नको म्हणत होता," ती पुटपुटली.

"अजूनही नकोच म्हणतो," मी म्हणालो. "तू घे."