बाहेरच्या हवेचा जोर

अकरावीला मी दरवर्षी हवेच्या दाबाचा प्रयोग करून दाखवते. त्या दिवशीही पत्र्याच्या तेलाच्या डब्यात कपभर पाणी उकळलं. वाफेनं आतली हवा बाहेर काढली, तसा डबा बर्नरवरून उतरवला, बूच घट्ट लावलं आणि वरून गार पाणी ओतलं. आतल्या वाफेचं पाणी झालं, आत जवळजवळ काही उरलं नाही आणि बाहेरच्या हवेनं डबा कडाकडा चेपून टाकला. पोरं ओरडली.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी टेबलाशी आली.

"मॅडम, हवेत एवढा जोर हाय, मग आमच्या पप्पांच्या छातीत का जात न्हाय?"

तिचे वडील वीस वर्षं फाउंड्रीत लोखंडाच्या ओतकामासाठी वाळूचे साचे पाडत होते. मी तिला समजावलं, की छाती फुगते तेव्हा आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. वाळूची बारीक धूळ बसून फुफ्फुस कडक झालं की ते नीट फुगतच नाही.

"मग परत मऊ हुतंय की?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचार."

ते मनाला लागून राहिलं. रविवारी कागलजवळच्या तिच्या गावी गेले. वडील कॉटवर पुढं वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. वाक्याला दोनदा थांबत म्हणाले, "डॉक्टर नुसत्या गोळ्या लिवत्यात. तुमी शिकल्याल्या. खरं सांगा, ह्ये बरं हुतंय?"

"नाही," मी म्हटलं. "आता ते परत मऊ होत नाही."

त्यांनी मान हलवली. मी वळून पाहिलं तर दारात ती चहा घेऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं. कप माझ्यासमोर ठेवून तिनं विचारलं, "साखर पुरं हाय न्हवं?"

दिवाळीआधी ते गेले. बारावीला तिनं कॉलेजातून नाव काढून घेतलं.

परवा कागलच्या स्टँडवर ती भेटली. अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता.

"फाउंड्रीतच लागलीया. पप्पांच्याच खात्यात."

"मास्क देतात का गं?"

"देत्यात की. पण आत लई उकडतंय, कोण घालत न्हाय."

तेवढ्यात तिची गाडी लागली. मला वाकून नमस्कार करून ती गर्दीतून चढली.