रंजनाचा उचललेला पाय

माझी नात रंजना बर्फावर हॉकी खेळते, आणि त्याचाच पगार घेते. नवापुरात हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या चष्म्याकडे. पण खरं आहे. पोरगी सीमेवरच्या दलात भरती झाली, लेहला गेली. तिथे थंडीत तळं गोठतं, त्यावर दलाच्या मुलींचा संघ खेळतो. चेंडूच्या जागी काळी रबरी चकती. रंजना मैदानाच्या कडेकडेने चकती पुढे नेते. अशा खेळाडूला विंगर म्हणतात, ते मला आता पाठ झालंय.

पहिल्या हिवाळ्यात बाकीच्या पोरी धपाधप पडायच्या, ही पडेना. पडेल कशी? आम्ही दोघी पोल्ट्रीत कामाला होतो. पिल्लांच्या शेडमध्ये पाय उचलायचा नसतो, घासत न्यायचा. उचललेला पाय नेमका पिल्लावर पडतो. माझ्या हाताखाली तशी चालायला शिकली ती, मधूनमधून धपाटा खाऊन. बर्फावरही तशीच घासत निघाली. सगळ्यांनी वाहवा केली.

पुढच्या हिवाळ्यात तेच नडलं. विंगरला सुसाट पळावं लागतं, आणि ही आपली कोंबड्यांना खाद्य वाटत निघाल्यासारखी. कोच मॅडमनी सांगून टाकलं, निवडीच्या सामन्यापर्यंत वेग आला नाही तर संघातून नाव काढते.

रंजनाचा फोन आला. "आजी, पाय उचलतच नाही गं. उचलला की वाटतं, खाली काहीतरी चिरडेल."

"खाली काय आहे तिथे?"

"बर्फ."

"पिल्लं आहेत का?"

"काय पण आजी."

"मग आपट की पाय. कोण मरतंय?"

"मी पडेन ना."

"पड. तुझ्याहून जाडी माणसं पडून उठलेली पाहिलीत मी."

"मी जाडी नाहीये."

"बरं बाई, हलकी पड."

मग ती नुसती पडत राहिली. गुडघे वांग्यासारखे झाले होते म्हणे. पण पडता पडता पाय मोकळे झाले. निवडीच्या सामन्यात चकती घेऊन जी सुटली, ती थेट गोल करूनच थांबली. मॅडमनी तिचं नाव संघात ठेवलं.

ते अजून आहे. आता नव्या पोरी आल्या की त्यांना पळायला रंजनाच शिकवते. पडणाऱ्यांना हात देत नाही, असं ऐकते. बरोबर करते.