पत्ता, नकाशा आणि शाळा सुटायची वेळ

"हा व्हिडिओ तुम्हीच टाकला का?"

बाईंनी दारातूनच विचारलं. अंगात नर्सचा पांढरा ड्रेस, वर स्वेटर, हातात मोबाइल. मोबाइलवर आमचीच रील सुरू होती.

मी हो म्हणालो. कौतुक करायला आल्या असतील असं वाटलं. त्या आठवड्यात बरेच जण त्यासाठीच फोन करत होते.

"मंग काढा. ती माझी पोरगी आहे."

जालन्यात भोकरदन नाक्याजवळ माझं छोटं ऑफिस आहे. आधी मी फ्लेक्सचे बॅनर डिझाइन करायचो. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली. लोक बॅनरपेक्षा मोबाइलकडे जास्त बघायला लागले, तसा मीही सोशल मीडियाच्या कामात आलो. दवाखाने, साड्यांची दुकानं, क्लासेस यांची पेजेस सांभाळतो. म्हणजे फोटो-व्हिडिओ काढायचे, टाकायचे, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्या वेळी अंबड रोडवरची एक इंग्लिश मीडियम शाळा माझी सगळ्यात मोठी क्लायंट होती. नाव सांगत नाही.

ॲडमिशनचा सीझन होता. मी शाळेत शूटिंगला गेलो आणि प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला, मोठं होऊन काय होणार? डॉक्टर, पोलीस, कलेक्टर अशी नेहमीची उत्तरं आली. दुसरीतली एक दोन वेण्यांची मुलगी मात्र जरा विचार करून म्हणाली, "आधी दुसरी तं होऊ द्या." वर्गाच्या बाई हसल्या, मीही हसलो, कॅमेरा हलला. ती क्लिप मी तशीच टाकली. मुलीच्या मागे भिंतीवर शाळेचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि युनिफॉर्मवर लोगो. ते दिसावं म्हणूनच तिथे उभं केलं होतं.

रील चालली. जिल्ह्यातल्या पेजेसनी उचलली. लोक त्या आवाजावर ओठ हलवून स्वतःचे व्हिडिओ करायला लागले.

दारात आलेल्या बाईंचं नाव वैशाली. माहेर धावड्याचं, सासर शेजारच्या जिल्ह्यात. नवरा मारायचा म्हणून त्या मुलीला घेऊन माहेरी आल्या होत्या. तिथून एकदा तो मुलीला अंगणातून उचलून घेऊन गेला. पोलिसांनी शोधून आणेपर्यंत नातेवाइकांकडे लपवून ठेवलं. मग कोर्टाने सांगितलं की केसचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे राहील. वैशालीताईंनी जालन्यात एका हॉस्पिटलमध्ये नोकरी धरली आणि खोली घेतली. कुठे राहतात ते फक्त आईवडिलांना माहीत होतं.

"व्हॉट्सॲपला माझा साधा फोटो न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या. "गुलाबाचं फूल लावलंय. अन् आज ड्युटीवर मैत्रीण म्हणते, अगं, तुझी आर्या बघ, सगळीकडं फिरून राह्यली."

मी सगळ्यात आधी बूस्ट थांबवला. बूस्ट म्हणजे ॲपच्या कंपनीला पैसे देऊन आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवणं. कोणाला दाखवायची ते आपण ठरवतो. वय, आवड, आणि नकाशावर एक गोल. त्या गोलातल्या मोबाइलवर पोस्ट जाते. शाळेला हॉस्टेलसाठी बाहेरगावची मुलं हवी होती, म्हणून अध्यक्षांनी गोल मोठा करायला सांगितला होता. वैशालीताईंनी सासरचं गाव सांगितलं. ते गोलाच्या आत होतं. आम्ही ती मुलगी मुद्दाम त्या गावात दाखवत होतो.

बूस्ट थांबला तरी पोस्ट पेजवर राहते. ती काढायची तर क्लायंटला विचारावं लागतं, कारण पेज त्यांचं असतं. मी अध्यक्षांना फोन लावला.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून त्यांनी ही शाळा उभी केली होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की बाईंबद्दल वाईट वाटतं, पण रविवारी पालकांना शाळा बघायला बोलावलंय, ते सगळे या रीलमुळेच येणार आहेत. सोमवारी काढू. शिवाय मुलांचे फोटो वापरायला पालकांची परवानगी ॲडमिशनच्या फॉर्मवरच घेतलेली आहे. ते खरं होतं. फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांत तशी ओळ होती, आणि तिच्याखाली वैशालीताईंचीच सही होती.

मी चेहरा ब्लर करायचं सुचवलं. ते लगेच तयार झाले. पण टाकलेल्या रीलमध्ये आतून बदल करता येत नाही. जुनी काढून नवी टाकावी लागते आणि आकडे शून्यापासून सुरू होतात. हे सांगितल्यावर ते पुन्हा सोमवारवर आले.

फोन ठेवून मी बाईंना जसं बोलणं झालं तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. नवऱ्याने हे पाहिलं असेल का, ते कळतं का, एवढंच विचारलं. कोणी नुसतं पाहिलं तर कळत नाही. कमेंट केली असेल तर कळतं. त्यांनी नाव सांगितलं, मी कमेंट्समध्ये शोधायला लागलो.

नाव सापडलं. फोटोच्या जागी ट्रॅक्टर. आदल्या दिवशीची कमेंट होती: "ही माझी लेक आहे. कुठे आहे ही शाळा?"

आणि तिच्याखाली शाळेचं उत्तर होतं. "धन्यवाद! सविस्तर माहिती आपल्या इनबॉक्समध्ये पाठवली आहे."

हे उत्तर माणसाने दिलेलं नव्हतं. याला ऑटो-रिप्लाय म्हणतात. कमेंटमध्ये 'कुठे', 'पत्ता', 'ॲडमिशन' असे शब्द आले की सिस्टीम आपोआप मेसेज पाठवते. सीझनमध्ये इतक्या चौकशा येतात की सगळी पेजेस ते लावतात. आम्हीही लावला होता. मी इनबॉक्स उघडला. पत्ता, नकाशाची लिंक, ऑफिसचा नंबर, शाळा भरायची आणि सुटायची वेळ. शेवटी, "शाळेला अवश्य भेट द्या. आपले स्वागत आहे." खाली त्याच्या ट्रॅक्टरचा छोटा फोटो आला होता. म्हणजे मेसेज त्याने वाचला होता.

मी स्क्रीन बाईंकडे वळवली. त्यांनी सावकाश शेवटपर्यंत वाचलं आणि बाजूच्या खुर्चीवर बसल्या.

"सुटायची टाइम पण सांगितली," त्या म्हणाल्या.

मग मी कोणाला विचारलं नाही. कमेंटचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट काढून त्यांच्या मोबाइलवर पाठवले, पोलिसांना दाखवायला लागतील म्हणून. ऑटो-रिप्लाय बंद केला. रील डिलीट केली. शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमना फोन करून सांगितलं की आई येईपर्यंत आर्याला ऑफिसमध्ये बसवा, कोणाच्याही हाती देऊ नका. मॅडमनी कारण विचारलं, मी थोडक्यात सांगितलं. त्या स्वतः वर्गावर गेल्या.

वैशालीताईंना मी माझ्या गाडीवर शाळेत सोडलं. गेटपाशी उतरताना त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी लेकरं आहेत का भाऊ?" दोन मुली आहेत म्हणालो. "त्यांचे टाकता का व्हिडिओ?" नाही म्हणालो. खरंच टाकत नाही. त्यामागे काही विचार नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही एवढंच. त्यांनी मान डोलावली आणि आत गेल्या.

अध्यक्षांचा फोन मी ऑफिसला पोहोचायच्या आत आला. त्यांना रील दिसत नव्हती.

"सलीमभाई, पेज कुणाचं आहे?"

"तुमचं, साहेब."

"मंग?"

"पोरगी तुमची न्हाई."

ते म्हणाले, पासवर्ड आणि बाकी सगळं क्लार्ककडे पाठवून द्या, आपलं काम इथपर्यंतच. आवाज चढवला नाही. मी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या गेटवर एक जीप आली. आर्याचे वडील आणि आणखी दोन नातेवाईक. वॉचमनने अडवलं तेव्हा वडिलांनी मोबाइल काढून शाळेचाच मेसेज दाखवला. वॉचमन गोंधळला. शाळेच्या नावाचा मेसेज, त्यात स्वागत आहे असं लिहिलेलं, म्हणून त्याने त्यांना ऑफिसपर्यंत आणलं. आर्या त्या दिवशी आलेलीच नव्हती. मॅडमनी पोलिसांना बोलावलं. वैशालीताईंनी कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स आदल्या दिवशीच मॅडमकडे देऊन ठेवली होती, ती पोलिसांनी वाचली. आर्याचा बाप पोलिसांना एकच गोष्ट सांगत राहिला, "मी स्वतःहून न्हाई आलो साहेब. शाळेनं बोलावलं म्हणून आलो." पोलिसांनी समज देऊन त्याला परत पाठवलं. हे सगळं मला मॅडमनी सांगितलं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. बाकीच्या पोस्टमधून मुलांचे वर्ग आणि नावं कशी काढायची, ते त्यांना हवं होतं. मी क्लार्कला फोनवर एकेक स्टेप सांगितली. पुढच्या सीझनला ते काम संभाजीनगरच्या एका एजन्सीकडे गेलं.

ज्या पेजेसनी रील उचलली होती त्यांना मी मेसेज केले. काहींनी काढली. काहींनी उत्तर दिलं नाही. एका ॲडमिनने लिहिलं की मुलीचं कौतुकच चाललंय, यात वाईट काय आहे. मुलीचा आवाज तर अजून फिरतो. आवाज कोणाकोणाच्या व्हिडिओला जोडला आहे ते शोधून काढणं माझ्या हातात नाही. कंपनीकडे तक्रार केली, तिलाही ऑटो-रिप्लाय आला.

वैशालीताईंनी महिन्याच्या आत जालना सोडलं. नवऱ्याला गाव कळलं होतं, मग शाळा बदलून काही उपयोग नव्हता. जाण्याआधी त्या ऑफिसला येऊन गेल्या. दुसऱ्या एका शहरात काम मिळालंय म्हणाल्या. आर्याला वर्ष मध्येच सोडावं लागलं, ती मैत्रिणींसाठी रडते असंही म्हणाल्या. शहर कोणतं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता मुलांचा किंवा पेशंटचा व्हिडिओ असेल तर मी टाकायच्या आधी घरी फोन करतो. कुठे दाखवणार, कोणत्या गावांपर्यंत जाणार, ते सांगतो आणि मग विचारतो. बहुतेक लोक टाका म्हणतात. काही नको म्हणतात, कारण सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही. नवे क्लायंट वैतागतात. फॉर्मवर सही आहे, मग फोन कशाला, यात वेळ जातो. वेळ जातो हे बरोबर आहे. पण सही करताना आईला माहीत नसतं आपण तिचं मूल कोणाकोणाला दाखवणार आहोत. नकाशावर गोल काढताना मलाही माहीत नसतं त्याच्या आत कोण राहतं.