रविवारी पाहिलेलं घर

आमचं घर आम्ही रविवारी पाहिलं होतं. कोणी त्या घराचा विषय काढला की माझी बायको हेच सांगायची, "रविवारी पाह्यलं ना बाप्पा, म्हणून समजलं नाही." मी मान हलवायचो. ती मान मी इतकी वर्षं हलवत आलो, की शेवटी मलाही ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

कारखान्यातल्या माणसाला जबलपुरात घर बघायला रविवारच मिळतो. बाकीचे दिवस भोंग्याचे. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते आणि आम्ही त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी एका सरकारी ऑफिसात बाबू होतो, तिथे क्वार्टरची सोय नव्हती. बाबांची रिटायरमेंट जवळ आली आणि घर शोधणं भाग पडलं. आई तेव्हा हयात नव्हती. दर रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, की त्याच पांढऱ्या कपड्यांत बाबा, बायको आणि मी घरं बघायला निघायचो. मुलीला विहारातल्याच कुणाकडे सोडायचं.

एकदा कांचघरच्या एका घरमालकाने आमचे पांढरे कपडे बघून, आम्ही मयतीवरून आलो असं समजून विचारलं, "किसी की ग़मी से आ रहे हैं क्या?" बाबा म्हणाले, "नहीं जी, हम तो अच्छे काम से निकले हैं." मग तो ठरलेला प्रश्न आला. "पूरा नाम बताइए." बाबा आडनावावर जोर देऊनच नाव सांगायचे, कधी गिळलं नाही. "अच्छा, अच्छा. सोचकर बताते हैं." असं विचार करणारे लोक आम्हाला बरेच भेटले. परत येताना बाबा म्हणायचे, "सोचून राह्यले बिचारे. डोकं दुखत असंन त्यायचं." आम्ही हसायचो. हसून झालं की मुलीला घ्यायला विहाराकडे वळायचो.

बाबांना घर कशासाठी हवं होतं ते मला माहीत होतं. क्वार्टरच्या दारावर नुसता नंबर असतो. त्यांना नावाची पाटी हवी होती, आडनावासकट.

बायकोची अट वेगळी होती. ती नर्स होती, एका खाजगी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात. तान्ह्या पोराची शीर दुसऱ्या कोणाला सापडली नाही की हिला बोलवायचे. तिने स्वतःहून कायमची नाइट मागून घेतली होती, दिवसा मुलीजवळ राहता यावं म्हणून. मुलगी शाळेत गेली की ती झोपायची आणि मुलगी यायच्या आत उठायची. क्वार्टरमध्ये सगळ्या लाइनीला हे ठाऊक होतं. भाजीवालासुद्धा आमच्या दारापुढून हाक न मारता जायचा. म्हणून घर बघताना ती किचन बघायची नाही, नळ बघायची नाही. मागच्या खोलीत जाऊन दार लोटायची आणि डोळे मिटून उभी राहायची. बाबा बाहेरून विचारायचे, "काय करून राह्यली ही?" मी म्हणायचो, "घर ऐकून राह्यली."

मदन महालकडचं ते घर तिने असंच ऐकलं. शेजारच्या अंगणात एक माणूस सायकल पुसत होता आणि त्याच्या पायाशी एक काळं कुत्रं लोळत होतं. आम्ही गेलो तर त्याने नुसतं शेपूट आपटलं. बायको खोलीतून बाहेर आली ती हसतच. "इथं झोप येईन मले," म्हणाली. "अन् कुत्रं पाहा ना किती शहाणं आहे!" घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. तिला लवकर मुलाकडे जायचं होतं. तिने पूर्ण नाव विचारलं नाही. बाबा वाट बघत होते, मग त्यांनी आपणहूनच सांगितलं. ती म्हणाली, "ठीक है, रजिस्ट्री में लगेगा."

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. यापुढची मी कोणाला सांगितली नव्हती.

त्याच आठवड्यात, कामाच्या दिवशी, बयाणा, म्हणजे इसाराचे पैसे, द्यायला मी ऑफिसातून एकटाच गेलो. गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. भुंकणं नव्हतं ते. गळा काढून रडणं होतं, एका सुरात चाललेलं, मध्ये थोडं थांबून पुन्हा. शेजारच्या घराला कुलूप होतं आणि ते शहाणं कुत्रं मागे पेरूच्या झाडाला साखळीने बांधलेलं होतं. मी म्हाताऱ्या बाईकडे बसलो, चहा घेतला. आवाज थांबला नाही. ती आपणहूनच म्हणाली, "अकेला आदमी है बेचारा. सुबह ड्यूटी पे जाता है, तब से रोता है, उसके आते तक. इतवार को मालिक घर में रहता है तो चुप. अपनी घरवाली को बता देना भैया, औरतों को दिन भर सुनना पड़ता है."

मी म्हटलं, "जी, बता दूँगा." आणि बयाणा दिला.

बाबांसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पुन्हा ते पांढरे कपडे, पुन्हा ते "सोचकर बताते हैं" बाबांना सोसवलं नसतं. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. मी कंटाळलो होतो. मला माझे रविवार परत हवे होते. आणि तिची झोप मी जमेस धरलीच नव्हती. एवढं काय, सवय होईल, असं मला वाटलं. जी सवय व्हायची होती, ती मला करायचीच नव्हती. मी दिवसभर ऑफिसात असणार होतो.

रविवारच्या गृहप्रवेशाला आम्ही गल्लीत घरोघरी सांगून आलो. वंदना झाली. खीर केली होती. एकीचा उपवास निघाला, एकाचं पोट बिघडलेलं होतं. आला तो एकटा शेजारचा माणूस. दोन वाट्या खीर खाल्ली आणि वर विचारलं, "दीदी, और है क्या?" बायकोचे डोळे भरून आले. बाहेर बाबा पाटीचे खिळे ठोकत होते.

सोमवारी ती नाइट करून आली तेव्हा शेजारी सायकल घेऊन निघत होता. "नमस्ते दीदी, ड्यूटी हो गई?" "हाँ भैया, आपकी शुरू." तो कोपऱ्यावरून वळला आणि कुत्र्याने गळा काढला.

मग रोजचंच झालं. ती कानात कापूस घालायची. वरून ओला टॉवेल बांधायची. स्वयंपाकघरात फरशीवर झोपून बघायची. काही दिवस कांचघरला तिच्या मावशीकडे झोपायला गेली, पण टेम्पोत बसून पोचेपर्यंत झोप उडालेली असायची. मी एकदा म्हटलं, "मी बोलतो त्याच्याशी." ती म्हणाली, "काहून? गल्लीत आपल्या घरचं त्या एकानंच खाल्लं. त्याले काय सांगू, तुमचं कुत्रं रडते म्हणून?" मला सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगून टाकतो.

रविवारचं कारण लोकांना सांगायला होतं, तिच्या मनात मात्र एक वेगळीच गोष्ट बसली. "आपण पाह्यलं तवा तं चूप होतं," ती म्हणायची. "आपण राहाले आलो अन् सुरू झालं. त्यालेबी आपण आवडलो नाही वाटते." हसत म्हणायची, पण दर वेळी म्हणायची. मला एका वाक्यात ते खोडता आलं असतं.

एके सकाळी वॉर्डात तिने एका बाळाचं औषध दुसऱ्या बाळासाठी भरलं. सोबतच्या नर्सने सुई टोचायच्या आधी हात धरला. काही झालं नाही, कोणी तक्रारही केली नाही. पण त्याच दिवशी तिने मेट्रनला सांगून वॉर्ड सोडला. पुढे नोकरी संपेपर्यंत ती दिवसपाळीत, दवाखान्याच्या नावनोंदणीच्या खिडकीत बसून पेशंटांच्या चिठ्ठ्या फाडत होती. दुरून कोणी लहान मूल रडताना दिसलं की तिचा अंगठा आपोआप बोटांवरून फिरायचा, शीर चाचपडल्यासारखा.

बाबा त्या घरात समाधानाने गेले. कुत्रंही पुढे म्हातारं होऊन मेलं. शेजारी पेरूखाली खड्डा खणत होता तेव्हा बायको त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याला म्हणाली, "बहुत प्यार करता था आपसे." मी गच्चीवरून बघत होतो. खाली गेलो नाही.

आता आमच्या मुलीला घर घ्यायचं आहे. तिला मराठी सगळी समजते, बोलते हिंदीच. परवा जेवताना म्हणाली, "पापा, संडे को चलते हैं, एक फ्लैट देखना है."

"रविवारी नको," बायको म्हणाली. "कामाच्या दिवशी जाय, दुपारी. आम्ही रविवारी पाह्यलं अन् फसलो. तुह्या बाबाले तरी काय माहीत होतं, बिचाऱ्याले."

त्या 'बिचाऱ्या'वर मी पाण्याचा पेला उचलला. पाणी प्यायलो. मग म्हणालो, "मले माहीत होतं."

बयाण्याचा दिवस सांगितला. कुलूप, साखळी, म्हातारी काय म्हणाली आणि मी काय कबूल करून आलो तेही. मुलगी "पापा!" म्हणाली. बायको पोळीचा तुकडा तसाच हातात धरून बसली होती. मला वाटलं, ती वॉर्डाचं नाव काढेल. मी त्याचीच वाट बघत होतो.

तिने विचारलं, "म्हणजे आपण राहाले यायच्या आधीबी ते रडतच होतं?"

"हो."

"मंग आपल्यामुळं नोहतं."

"नाही."

तिने तुकडा ताटात ठेवला. "एवढं तरी सांगायचं होतं," म्हणाली. मग मुलीकडे वळली, "बुधवारी जाऊ आपण दोघी. तुह्या बाबाले नेऊ नको."

बुधवारी त्या दोघी गेल्या. मी घरी बसून राहिलो. शेजारच्या अंगणात पेरूची पानं पडत होती, बाकी काही आवाज नव्हता. परत आल्यावर मी विचारायच्या आधीच बायकोने चपला काढता काढता मुलीला सांगायला सुरुवात केली. मागची खोली चांगली आहे, पण वरच्या मजल्यावर दोन कुत्री आहेत. दुपारी पळतात तेव्हा छत वाजतं. समोरच्या बाल्कनीत पोपट आहे, तो शिट्ट्या मारतो. जिन्याजवळच्या बाईला विचारलं, ती म्हणाली पोपट संध्याकाळी गप्प असतो, कुत्री मात्र तेव्हाही गप्प नसतात.

मुलगी म्हणाली, "मम्मी, मैं भी तो साथ थी, सब सुना मैंने."

"तरीबी सांगून राह्यली," बायको म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. पण एकेक गोष्ट सांगत होती ती मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.