विरेपर्यंत

परवा आमच्या गावात घंटांचा महोत्सव झाला. पिढ्यान् पिढ्या घंटा ओतणाऱ्या आमच्या गल्लीत आता एकच भट्टी पेटते, ती शंकरकाकांची. मांडवात त्यांचा स्टॉल होता आणि मी मदतीला होतो. जो तो यायचा, घंटा वाजवायचा आणि लगेच विचारायचा, "यापेक्षा लहान आहे का हो?" काका गप्प. मग माणसं ओरडून विचारायची आणि जाताना म्हणायची, "बहिरे दिसतायत."

काका बहिरे नाहीत. नाद पुरता विरल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, ही गल्लीची रीत आहे. ओतकामात कुठे पोकळी राहिली असेल, तर ती त्या शेवटच्या बारीक आवाजातच कळते. पण तेवढं थांबणार कोण? माईकवर वारशाचे गोडवे चालले होते, तेही घंटांच्या आवाजावर आवाज चढवून. ऐकूनच मला शीण आला.

संध्याकाळी घंटा उतरवताना मी विचारलं, "काका, दमलात ना?" तेवढ्यात माझा हात एका लोलकाला लागला. आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. मांडववाल्यांची आदळआपट चालूच होती. बऱ्याच वेळाने नाद विरला, तेव्हा काका म्हणाले,

"दमलो रे. दिवसभरात ही एवढी एकच पुरती ऐकली."